तात्या कंडक्टर आणि पाण्यातला चेहरा

ज्ञानूतात्यांनी मला पहिल्या दिवशी "कुठं?" असं विचारलंच नाही. मी बारामती स्टँडवर इंदापूरच्या गाडीत बसले होते. नवी नोकरी, नवी पर्स. एक उंच, वाळका कंडक्टर समोर येऊन उभा राहिला, त्याने माझ्या तोंडाकडे घटकाभर बघितलं आणि सणसरचं तिकीट फाडून हातात दिलं.

"तुम्हांला कसं कळलं?"

"भिगवणला नर्सबाई हायत, त्या तुमच्या मावशी न्हवं? त्यांचंच कपाळ हाय तुमास्नी," ते म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे सरकता सरकता मागे वळून हसले. "आन् सणसरच्या शाळंत जळोचीच्या नवीन बाई येणार, ह्ये कालच कळलं हुतं."

मावशी त्यांच्या गाडीत कधीतरी चार-पाच वेळा बसली असेल, तीही माझ्या लहानपणी.

पुढे ते निवृत्त होईपर्यंत मी रोज त्यांच्या गाडीने गेले. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम सणसरलाच, शाळेला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरात. बायको आधीच गेलेली, एक मुलगी सांगलीला दिलेली. मधल्या सुट्टीत ते शाळेच्या व्हरांड्यात येऊन आमचं वर्तमानपत्र वाचायचे, तेसुद्धा उभ्याने. पाय फाकवून, गुडघे जरा सैल सोडून, चालत्या गाडीत उभं राहावं तसे. खुर्ची दिली तर म्हणायचे, "बसल्यावर मला गाडी थांबल्यागत वाटतं, बाई."

त्यांची ख्याती एकाच गोष्टीची होती. त्यांनी एकदा पाहिलेला चेहरा त्यांना विसरता येत नसे. 'विसरत नसत' असं मी म्हणत नाही. विसरता येत नसे. त्यांच्या बोलण्यात त्याचा अभिमान कमी आणि वैताग जास्त असायचा. "झोपायला गेलं की समदे येऊन बसत्यात बगा बाकावर. कुणी उतरतच न्हाय."

एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला, एकदा मी सणसरच्या पुढे इंदापूरला चालले होते तेव्हा. लासुर्ण्याला एक दाढीवाला माणूस गाडीत चढला. अंगावर परक्या मुलखाचे कपडे, खांद्याला पिशवी. तो तुटक हिंदीत म्हणाला, "इंदापूर." तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, घंटी दिली, गाडी थांबवली आणि म्हणाले, "ही गाडी इंदापूरलाच चाललीय, पर तू उतर. समोरनं बारामतीची गाडी येतीया, तिच्यात बस. तुझी आय सणसरला हाय. अजून हाय."

तो माणूस पांढराफटक पडला.  मग त्याने मराठीत, अगदी आपल्याकडच्या मराठीत विचारलं, "तुमी कोण?"

"तू पळून गेलास तवा माझ्याच गाडीनं गेलास. इंदापूरचं तिकीट मीच फाडलं हुतं. मिसरूड फुटलं न्हवतं तुला."

तो उतरला. आईला भेटला, पुढे गावातच राहिला. लोक कौतुकाने ही गोष्ट सांगतात. मला मात्र तो उतरतानाचा त्याचा चेहरा आठवतो. त्याला आनंद झाला नव्हता. अंधाऱ्या खोलीत आपण एकटे आहोत असं समजावं आणि कोपऱ्यातून कुणी तरी नावाने हाक मारावी, तसा तो दिसत होता.

मोबाइल आले, व्हॉट्सॲप आलं, तशी तात्यांची मागणी वाढली. कुणाचा जुना फोटो आला की तात्यांकडे न्यायचा. फोटो हातात घेतला की ते आधी फोटोतल्या डोळ्यांवर दोन बोटं आडवी धरून ते झाकायचे आणि मग बघायचे. "डोळे फसवत्यात. कान बगायचा, जबडा बगायचा. माणूस समदं बदलतो, कान बदलत न्हाय."

परवाच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत तर हा उद्योग रोजचाच झाला. आमच्या गटात दोन तगडे उमेदवार होते. एक वकीलसाहेब, दुसरे रंगनाथराव, म्हणजे रंगाभाऊ. पहिल्यांदा वकीलसाहेबांचा कॉलेजातला फोटो फिरला. काळा चष्मा, छातीची बटणं उघडी, बुलेटवर रेललेले, आणि पायाशी एक बाटली. शाळेसमोरच्या चहाच्या हॉटेलात तो मोबाइल हातोहात फिरत तात्यांकडे आला. तात्यांनी फोटोतले डोळे झाकून पाहिलं.

"त्योच हाय. मग?"

"मग काय तात्या? असल्या माणसाला मत द्यायचं?"

"त्या वक्ताचं तिकीट त्या वक्ताला फाटलं. त्यो पाशिंजर उतरला. आता बसलाय त्यो येगळा हाय."

हॉटेलवाला शंकर इरेला पेटला. "म्हंजे तरुणपणी केलेलं मोजायचंच न्हाय?"

"केलेलं मोजा की. फोटु मोजू नगा. फोटुत माणूस दिसतो, त्याच्या आधी काय झालं आन् मागनं काय झालं, त्ये दिसतं व्हय?"

लोक हसले. बाटलीचा फोटो चार दिवसांत विरला. मला तात्यांचं म्हणणं पटलं होतं, आणि मला वाटलं, विषय संपला.

मग दुसरा फोटो आला.

सणसरच्या शिवेजवळ कॅनॉलवर अडतीस-चाळीस वर्षांपूर्वी एक अपघात झाला होता. श्रावणातले दिवस, कॅनॉल तुडुंब. बायका-पोरांनी भरलेली एक जीप पाण्यात गेली. मागून तात्यांची गाडी येत होती. गाडी थांबली, माणसं धावली. गाडीतल्या एका तरुण पोराने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. एक मूल काढलं, दुसरं काढलं. तिसऱ्या खेपेला आत गेला तो वर आलाच नाही. दोन दिवसांनी खाली कॅनॉलच्या फाट्यावर सापडला. तात्यांच्याच गाडीत लग्नाचे फोटो काढणारा एक जण होता, त्याने एकच फोटो घेतला. छातीइतक्या पाण्यात तो तरुण, दोन्ही हातांनी मूल डोक्याच्या वर धरलेलं, आणि ते घ्यायला काठावरून आलेले दोन हात. काठावरचा माणूस फोटोत नाही, फक्त हात.

तो फोटोग्राफर वारला. त्याच्या मुलाने यंदा वडिलांचे जुने फोटो फेसबुकवर टाकले, त्यात हा होता. दोन दिवसांत रंगाभाऊंच्या कार्यकर्त्यांनी तो उचलला आणि खाली लिहिलं: 'तेव्हाही जीव धोक्यात घातला, आजही घालणार. पाण्यातला हा तरुण म्हणजेच आपले रंगाभाऊ.'

तात्यांनी फोटो पाहिला. या वेळी डोळ्यांवर बोटं धरली नाहीत.

"ह्यो रंगा न्हाय," ते म्हणाले. "रंगा तितं हुता. ह्ये हात रंगाचं हायत. पाण्यातला त्यो दत्तू. शकूचा भाऊ."

इथे शकूबाईंबद्दल सांगायला हवं. शकूबाई सणसरच्याच, म्हणजे सणसरला दिलेल्या. इंदापूरच्या बाजारात भाजी विकतात. माहेर करमाळ्याकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला त्यांचा थोरला भाऊ दत्तू त्यांना न्यायला मुराळी म्हणून निघाला होता. तो सणसरला पोचलाच नाही. शकूबाईंचा भाऊ कॅनॉलात गेला, एवढं गावाला माहीत होतं. पण शकूबाईंखेरीज त्याला नीट पाहिलेलं गावात आता कुणी उरलं नव्हतं. घरी त्याचा एकही फोटो नव्हता. त्याचं तोंड सांगू शकणारा एकच माणूस होता, तात्या, आणि त्यांनीही त्याला त्या एकाच दिवशी पाहिलेलं, गाडीत सणसरचं तिकीट फाडताना.

शकूबाई दुसऱ्याच दिवशी शाळेत आल्या, सुनेचा मोबाइल पदराखाली धरून. तात्या व्हरांड्यात होते.

"तात्या, ह्यो माझा दादाच न्हवं?"

"व्हय."

"खरं सांगा. मला आता त्याचं तोंड नीट आठवत न्हाय वो. आवाज आठवतोय. चालणं आठवतंय. तोंड न्हाय आठवत."

"दत्तूच हाय. डाव्या भुवईत खाच हाय बग, बैलाचं शिंग लागल्यागत."

शकूबाईंचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला. "व्हय. व्हय. ढवळ्या बैलानं मारलं हुतं." आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. बराच वेळ तो मोबाइल त्यांनी गालाला लावून धरला होता.

रंगाभाऊ माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आमच्या शाळेचं पत्र्याचं छत त्यांच्याच खटपटीने झालं. त्या दिवशी ते खरोखरच काठावर होते, दोन्ही मुलं त्यांनीच वर घेतली. तेवढं सांगितलं असतं तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण फोटोत तोंड नाही, तर काय उपयोग?

आणि मग तो फोटो बदलायला लागला.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मूळ फोटो धुरकट होता, ओल्या केसांनी अर्धं कपाळ झाकलेलं. कुणीतरी तो फोटो साफ करणाऱ्या ॲपमधून काढला, तेव्हा नाक-डोळे स्पष्ट झाले. दुसऱ्याने तो आणखी साफ केला. तिसऱ्याने रंग भरले. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपमधून तो नव्याने येत होता. एका दुपारी वर्गात मुलं गणितं सोडवत असताना मी एकापाठोपाठ एक सगळे बघत गेले. पहिल्या फोटोत भुवईत खाच होती. दुसऱ्यात ती सावलीसारखी दिसत होती. चौथ्यात भुवई सलग होती. पाचव्यात नाक जरा रुंद झालेलं. सहाव्यात हनुवटीवर तीळ आला होता, रंगाभाऊंना आहे तसा. सातव्या फोटोतून वीस-बावीस वर्षांचे रंगाभाऊ पाण्यात उभे राहून माझ्याकडे बघत होते. पहिल्या फोटोतला पोरगा मुलाकडे बघत होता, कॅमेऱ्याकडे नाही. हा माझ्याकडे बघत होता.

मी मोबाइल पालथा ठेवला. बाहेर ऊन होतं, मुलं कुजबुजत होती.

तात्यांनी सभेत उभं राहून सांगावं, असं शकूबाईंचं म्हणणं. तात्यांना ते जड गेलं. उभ्या आयुष्यात त्यांनी "पुढं सरका" याखेरीज चारचौघांत मोठ्याने काही म्हटलं नव्हतं. पण सांजेच्या कोपरा सभेला ते गेले. मारुतीच्या देवळापुढे शे-दीडशे माणसं होती. मी आणि शकूबाई बायकांच्या बाजूला. रंगाभाऊंच्या मागे तो सातवा फोटो फ्लेक्सवर लावलेला, माणसापेक्षा मोठा.

भाषण चालू असताना तात्या उठले.

"रंगा, त्यो फोटु काढ. त्यो तू न्हाईस. त्यो दत्तू हाय. शकू हितं बसलीया."

 कार्यकर्ते पुढे झाले, तर रंगाभाऊंनी त्यांना हाताने थांबवलं. ते खाली उतरले, तात्यांच्या पाया पडले आणि त्यांचा हात हातात घेऊन शांतपणे बोलायला लागले. माइक त्यांच्या हातातच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"तात्या, मी न्हवतो का पाण्यात? थंडगार पाणी. पायाखाली चिखल. एका पायातली चप्पल गेली चिखलात. पोरगं वर धरलं तर त्याच्या अंगचं पाणी माझ्या डोळ्यांत. तिसऱ्यांदा आत गेलो तवा तर खालीवर कायच कळंना. हिरवं. समदं हिरवं. कानात नुसता आवाज. अजून येतो वो तात्या. मी कसं इसरीन?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते नाटक नव्हतं. खोटं बोलणारा माणूस मी रोज वर्गात चाळीस वेळा बघते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला ते आठवत होतं. जो मेला त्याचं आठवणं याच्या डोक्यात शिरलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला पाण्याखाली काय दिसतं, ते हा माणूस आम्हांला सांगत होता.

शेजारी बसलेल्या शकूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "ह्येला कसं ठावं?" त्या पुटपुटल्या. "ह्येला कसं ठावं?"

"तात्या, वय झालं तुमचं," कुणीतरी मागून म्हणालं, मायेनंच म्हणालं. दोघांनी तात्यांना धरून बाजूला नेलं. तात्या फ्लेक्सकडे बघत होते. चालताना मान वळवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी शकूबाई मला घेऊन तात्यांच्या घरी गेल्या. तात्या भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तात्या," शकूबाई म्हणाल्या, "गेली ती सभा. लोकास्नी सांगू नगा. मला सांगा. डोळं मिटून सांगा, माझा दादा कसा दिसत हुता. इंदापूरला एक पोरगी हाय, चित्रं काढती. ती म्हणली, तुमी सांगा, मी काढती. मी ते घरात लावीन."

तात्यांनी डोळे मिटले. 

"केस वलं... न्हाय, केस वलं नंतर. आधी गाडीत. खिडकीकडच्या बाकावर. पांढरा सदरा. मांडीवर पिशवी, पिशवीत लुगडं दिसत हुतं."

"व्हय," शकूबाई हळूच म्हणाल्या. "आयनं धाडलं आसंल."

"मी म्हणलं, सणसर? त्यानं वर बगितलं..."

तात्या थांबले.   दोन्ही तळहात त्यांनी मिटलेल्या डोळ्यांवर दाबले, फोटोतले डोळे झाकायचे तसे, जोरात, जणू आतलं काही पुसायचं होतं.

"तात्या?" मी म्हणाले.

"बाई," ते म्हणाले, "बाकावर रंगा बसलाय."

 शेजारच्या शाळेतून पाढे ऐकू येत होते.

"सदरा त्योच हाय. पिशवी तीच हाय. तोंड रंगाचं हाय. तीळ बी हाय." त्यांनी डोळे उघडले आणि शकूबाईंकडे लहान पोरासारखं बघितलं. "शकू, मी लई येळा बगितला गं त्यो फोटु. बगायला नगं हुता."

शकूबाई रडल्या नाहीत. पदर नीट केला, उठल्या, दारात थांबल्या. "मंग माझा दादा कुठं गेला?" त्यांनी विचारलं. ते तात्यांना विचारलं की मला, ते समजलं नाही. त्या जायला लागल्या तेव्हा मी त्यांना म्हणाले, पहिला फोटो आहे माझ्या मोबाइलमध्ये, धुरकट असला तरी तो खरा आहे. मी शोधून दाखवला. त्यांनी बघितला, खूप वेळ बघितला आणि परत दिला. "ह्येच्यात बी आता मला रंगाभाऊच दिसत्यात, बाई."

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच दिसत होतं. भुवईतली खाच होती, पण ती फोटोवर पडलेल्या ओरखड्यासारखी वाटत होती.

रंगाभाऊ निवडून आले. चांगल्या मतांनी आले. कामं करतात. पुढच्या पंचमीला कॅनॉलवर त्यांचा सत्कार आहे असं ऐकते. वकीलसाहेबांचा तो बाटलीवाला फोटो कुणाला आठवतही नाही. चांगला आणि वाईट, दोन्ही फोटो तात्यांनी एकाच मापाने मोजले होते. लोकांनी मात्र एकच टाकून दिला.

मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी तात्यांची मुलगी त्यांना सांगलीला घेऊन गेली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मतदानाच्या दिवशी. आमच्याच शाळेत केंद्र होतं. गावची मतदारयादी माझ्याकडे असते, म्हणून मी फाटकाजवळ टेबल मांडून बसले होते. येणाऱ्याला नाव शोधून द्यायचं, चिठ्ठी द्यायची. ऊन चढायच्या आत तात्या आले. धुतलेला सदरा, टोपी. माझ्यासमोर उभे राहिले, पण पाय जवळ घेऊन, शाळेतल्या पोरासारखे सरळ.

मी यादीत त्यांचं नाव काढलं. नावाशेजारी छोटा फोटो होता. तात्यांनी वाकून त्यावर बोट ठेवलं.

"बाई, ह्यो कोण?"

मला वाटलं थट्टा करतायत. "तात्या, तुम्हीच की."

"नीट बगून सांगा. तुमी रोज बगता मला."

मी फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मग पुन्हा फोटोकडे. "तुम्हीच आहात," मी म्हणाले. पण म्हणायला मला थोडा वेळ लागला होता, आणि तेवढा वेळ तात्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"बरं," ते म्हणाले. चिठ्ठी घेऊन रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. म्हातारा माणूस म्हणून पुढच्या बायकांनी वाट करून दिली. "तात्या, या की पुढं," एकीने हाक मारली.

तात्यांनी मागे वळून बघितलं, हाक कुणाला मारली ते बघायला.